एकाच भांड्यात कोळंबी-सुरमईचा पास्ता: भांडं एक, वेळा वेगवेगळ्या

पास्त्याचा लगदा झाला, कोळंबी चिवट झाली, सुरमई ढवळता ढवळता विरून गेली, तळाला करपलेला थर बसला. एकाच भांड्यात मासळीचा पास्ता करायला घेतला की या चारपैकी एक तक्रार ठरलेली. कारण बहुतेक वेळा एकच असतं. पुलावाच्या सवयीने सगळं एकदम भांड्यात जातं, वरून पाणी, वर झाकण, आणि मग शिजायची वाट बघणं. पास्त्याला शिजायला बारा-तेरा मिनिटं लागतात, सुरमईला चार-पाच, कोळंबीला तीन आणि माकुलाला (म्हणजे स्क्विडला) जेमतेम एक. चौघांना एका वेळी भांड्यात सोडलं तर पास्ता तयार होईपर्यंत बाकी तिघांचं वाटोळं झालेलं असतं. म्हणून या लेखात पदार्थांपेक्षा क्रमावर जास्त जोर आहे.

आपल्याकडे, म्हणजे घाटावर, आणखी एक अडचण आहे. सांगली, मिरज, सातारा, कराडला समुद्राची मासळी आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चढून, बर्फात बसून येते. ती किनाऱ्यावरच्याइतकी ताजी नसते, पण बर्फात नीट आली असेल तर या पदार्थाला उत्तम चालते. फक्त ती निवडता आली पाहिजे आणि घरी आणल्यावर सांभाळता आली पाहिजे. निम्मं काम तिथेच होतं.

साहित्य (तीन-चार माणसांसाठी)

- पास्ता २५० ग्रॅम, आखूड आकाराचा (पेने, स्पायरल किंवा शंखाचा)
- कोळंबी अर्धा किलो, डोक्या-सालीसकट, मध्यम आकाराची
- सुरमईच्या दोन जाड तुकड्या, साधारण २५० ग्रॅम
- माकुल १५० ग्रॅम (नसलं तरी काही अडत नाही)
- लालबुंद पिकलेले टोमॅटो ३०० ग्रॅम, कांदा १, लसणाच्या ८-१० पाकळ्या
- तेल ३ मोठे चमचे, सुकी लाल मिरची १ किंवा २, मीठ, मिरपूड
- अर्धं लिंबू, मूठभर कोथिंबीर, असेल तर एक चमचा लोणी

पास्त्याच्या पुडक्याच्या मागची बाजू वाचा. ड्युरम गव्हाचा रवा असं लिहिलेलं असेल तरच घ्या. हा गहू कठीण असतो आणि त्याच्या रव्याचा पास्ता शिजल्यावरही आकार धरून राहतो. मैद्याचा किंवा साध्या रव्याचा स्वस्त पास्ता वेगळ्या पाण्यात उकळून गाळायचा असेल तर एक वेळ निभतो. इथे तो स्वतःच्याच पाण्यात शिजणार असल्यामुळे शेवटी पेस्टच होते. स्पॅगेटीही पहिल्यांदा करताना नको. ती लहान भांड्यात मावत नाही, मग मोडावी लागते आणि ढवळताना सुरमईचा चुरा करते.

मिरची आवडीप्रमाणे. ब्याडगी रंग देते, तिच्या दोन चालतील. संकेश्वरी असेल तर एक पुरे.

कांदा-लसूण मसाला घालू का, हे हमखास विचारलं जातं. त्यात खोबरं, तीळ आणि खडा मसाला असतो. ते पास्त्याच्या पिठूळ पाण्यात मिसळलं की रस जड होतो आणि मासळीची चव मागे पडते. घालायचाच असेल तर पाव चमचा, तोही तेलात. त्यापुढे गेलात तर कालवण होईल. चांगलं होईल, पण पास्ता राहणार नाही.

टप्पा १: बाजारात काय बघायचं

कोळंबीचं डोकं धडाला घट्ट चिकटलेलं हवं. हलक्या हाताने उचलल्यावर डोकं लोंबायला लागलं किंवा डोक्याजवळ काळपटपणा दिसला तर ती कोळंबी बर्फात बरेच दिवस होती असं समजा. साल चकचकीत आणि अंग कडक असावं. नाकाजवळ नेल्यावर समुद्राचा हलका वास येणं ठीक आहे. नाकात चढणारा, अमोनियासारखा उग्र वास आला तर भाव कितीही कमी असो, तिथून निघा. किलोला चाळीस-पन्नास बसतील एवढी कोळंबी या पदार्थाला बरोबर पडते. फार बारीक कोळंबी दीड मिनिटात शिजते आणि सांभाळणं अवघड जातं.

सुरमई अख्खी समोर असताना कापून घ्या. डोळे स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लाल, आणि बोटाने दाबलं तर मांस परत वर येणारं. आधीच कापून ठेवलेल्या तुकड्यांच्या कडा पिवळसर किंवा वाळलेल्या दिसल्या तर घेऊ नका. कालवणासाठी कापतात तशा पातळ चकत्या इथे उपयोगाच्या नाहीत. मधल्या भागाच्या दोन बोटं जाड तुकड्या मागा.

सुरमई मिळाली नाही तर? बांगडा नको, तो तेलकट आहे आणि त्याचा वास सगळ्या भांड्यावर बसतो. बोंबील पाण्यासारखा सुटतो. कृष्णेचा किंवा तळ्यातला रोहू-कटला चवीला छान, पण त्यांच्या मांसात बारीक दुफाटे काटे असतात. कालवणात बोटांनी चाचपून ते काढता येतात, काट्या-चमच्याने पास्ता खाताना घशात अडकतात. गोड्या पाण्यातलंच हवं असेल तर चिलापीच्या बिनकाट्याच्या पट्ट्या बऱ्या. नाहीतर सरळ सगळी कोळंबीच घ्या. तेही उत्तम होतं.

तिसऱ्यांबद्दल, म्हणजे शिंपल्यांबद्दल, स्पष्टच सांगते. किनाऱ्यावर त्या जरूर घाला. इथे मात्र त्या जिवंत आहेत याची खात्री पटली तरच. जिवंत तिसरी बंद असते, उघडी असलीच तर टकटक केल्यावर मिटते. न मिटणारी टाकून द्या. घरी आणल्यावर लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात अर्धा-पाऊण तास ठेवा म्हणजे वाळू सोडतात. साध्या गोड्या पाण्यात बुडवून ठेवल्या तर मरतात. शिजवल्यावर ज्या उघडणार नाहीत त्या खाऊ नका.

सावध: पिशवीत मासळी टाकून बाकीची भाजी घेत हिंडू नका. मासळी सगळ्यात शेवटी घ्या, सोबत विक्रेत्याकडून बर्फ मागून घ्या. बाहेर ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर बर्फाविना तासाभराच्या आत ती फ्रिजमध्ये गेली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये सांगलीत हा नियम मोडून चालत नाही.

गोठवलेली कोळंबी वापरणार असाल तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चाळणीत ठेवा, खाली ताटली. घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा. गरम पाणी ओतून बर्फ सोडवलात तर बाहेरचा थर तिथेच शिजतो. पुडक्यातली कोळंबी आधीच गुलाबी दिसत असेल तर ती शिजवलेली आहे. ती शेवटच्या मिनिटाला फक्त गरम होण्यापुरती घालायची. आणि वजन बर्फासकट असतं हे ध्यानात ठेवून थोडी जास्त घ्या.

टप्पा २: साफ करणं

कोळंबी सालीसकट असतानाच गार पाण्यात दोनदा धुवा. घाटावरच्या घरांत मासळी पुन्हा पुन्हा धुवायची सवय आहे, वास जावा म्हणून. सोललेली कोळंबी पाच-पाच पाण्यांनी धुतली की वास जातोच, पण त्यासोबत गोडवाही जातो. सोलल्यावर एकदा झटकन विसळली की पुरे.

डोकं पिळून वेगळं करा. डोक्यावरचा करवतीसारखा काटा बोटात घुसतो, तेव्हा बाजूने धरा. पायांकडून साल सोडवा. मग पाठीवर सुरीने उथळ चीर देऊन काळा धागा सुरीच्या टोकाने उचलून ओढा. चीर खोल गेली तर शिजताना कोळंबी फुलासारखी उघडते आणि लवकर कोरडी पडते. डोकी आणि साली टाकू नका, एका वाडग्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. काळी पडलेली डोकी मात्र वेगळी करून फेका.

सुरमईच्या तुकडीचा मधला काटा काढा, बोट फिरवून बाजूचे काटे बघा आणि एका घासात जाईल त्याहून थोडा मोठा, साधारण तीन सेंटिमीटरचा चौकोन ठेवा. माकुल विक्रेत्याकडूनच साफ करून घ्या. घरी करायचं तर डोकं ओढून आतला सगळा भाग बाहेर काढा, आतली पारदर्शक काडी काढा, वरची जांभळट साल सोलून अर्ध्या बोटाच्या रिंगा कापा.

आता सगळी मासळी स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडी करा. ही पायरी कोणीच करत नाही आणि मग पास्त्यात पाणी सुटलं म्हणून तक्रार येते. कोरड्या मासळीला पाव चमचा मीठ आणि हवी तर चिमूटभर हळद लावून फ्रिजमध्ये ठेवा, दहा-पंधरा मिनिटं. सांगलीच्या घरात हळद हाताशीच असते, म्हणून हात सैल सुटतो. इथे ती चिमटीतच राहू दे, नाहीतर टोमॅटोचा लाल रंग मातकट होतो.

सावध: लिंबू आत्ता लावायचं नाही. आंबटपणाने कोळंबीचं मांस आवळतं आणि ती भांड्यात जायच्या आधीच कडक व्हायला लागते. लिंबाची वेळ अगदी शेवटची.

टप्पा ३: भांडं आणि मांडणी

भांडं पसरट, जाड बुडाचं, साधारण २६ ते २८ सेंटिमीटर व्यासाचं, आणि त्याला झाकण हवं. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं किंवा खोलगट नॉनस्टिक कढई उत्तम. पातळ जर्मलच्या पातेल्यात तळाला लागतं आणि टोमॅटोचा आंबटपणा त्या धातूला बरा नाही. लोखंडी कढईत तर टोमॅटोने रस काळपट होतो. उभं, अरुंद भांडं घेतलं तर खालचा पास्ता गळतो आणि वरचा कच्चा राहतो.

कुकरचा मोह टाळा. पास्त्याचं पिठूळ पाणी फेसाळून शिट्टीच्या भोकात अडकतं. शिवाय झाकण लागल्यावर मासळी मध्ये घालायची सोय राहत नाही.

गॅस पेटवायच्या आधी कांदा बारीक चिरलेला, लसणाचे पातळ काप केलेले आणि टोमॅटो किसलेले असू द्या. टोमॅटो आडवा अर्धा कापून कापलेली बाजू किसणीच्या मोठ्या भोकांवर घासा. गर खाली पडतो आणि साल तळहातात उरते. सोलायला उकळतं पाणी लागत नाही आणि पास्त्यात सालीच्या गुंडाळ्या येत नाहीत.

तपासा: मासळी फ्रिजमध्ये, तीन वेगळ्या वाट्यांत: सुरमई, कोळंबी, माकुल. एकाच ताटात ठेवलीत तर घालतानाही एकदमच पडतात.

टप्पा ४: सालींचं पाणी

साध्या पाण्यातही हा पास्ता होतो, पण खरी चव इथून येते. शेवटी ज्या भांड्यात पास्ता होणार त्यातच एक मोठा चमचा तेल तापवा, डोकी-साली टाका आणि मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं परता. उलथण्याने डोकी दाबत राहा. साली लाल होतात आणि डोक्यातला नारिंगी रस तेलात उतरून तेलच केशरी दिसायला लागतं. तो रंग आल्याशिवाय पाणी घालू नका. मग एक लिटर पाणी ओता, उकळी आली की आच कमी करून पंधरा मिनिटं ठेवा. वर फेस आला तर काढून टाका. वीस मिनिटांच्या पुढे नेऊ नका, कडवटपणा उतरतो. बारीक गाळणीने गाळा, चमच्याने दाबून निथळून घ्या. साधारण ८०० ते ८५० मिलिलिटर पाणी मिळायला हवं. कमी भरलं तर गरम पाणी मिसळा.

या पाण्यात मीठ अजिबात नको. ते पुढे आटणार आहे आणि आटलेलं मीठ परत काढता येत नाही.

गाळलेलं पाणी दुसऱ्या लहान पातेल्यात, शेजारच्या शेगडीवर, मंद आचेवर गरम राहू दे. भांडं एक म्हणत असलो तरी हे पातेलं लागतंच. गार पाणी ओतल्याने जेवढा पास्ता बिघडतो तेवढा दुसऱ्या कशाने बिघडत नाही. पास्ता गार पाण्यात भिजत पडतो, त्याचं पीठ सुटतं आणि नळ्या एकमेकींना चिकटतात.

टप्पा ५: लसूण, कांदा, टोमॅटो

भांडं पुसून घ्या, नाहीतर उरलेलं सालींचं कण करपतं. उरलेलं दोन चमचे तेल घाला. तेल साधं, बिनवासाचं घ्या. घाण्यावरचं शेंगतेल पिठल्याला आणि भरल्या वांग्याला मोठं, पण त्याचा खमंगपणा इथे मासळीला झाकून टाकतो.

तेल कोमट असतानाच लसूण आणि मोडलेली मिरची टाका. आपल्याला कडकडीत तेलात लसूण तडतडवायची सवय आहे. इथे तो हळूहळू तापत जाऊन कडेने किंचित सोनेरी झाला की बस. तपकिरी झालेला लसूण कडू लागतो आणि तो कडूपणा शेवटपर्यंत जात नाही. तसं झालं तर तेलासकट टाकून पुन्हा सुरू करा, दोन मिनिटांचं काम आहे.

कांदा घालून पारदर्शक होऊ द्या, लाल नको. मग किसलेला टोमॅटो आणि पाऊण चहाचा चमचा मीठ. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं. टोमॅटोचा कच्चा वास जाऊन कडेने तेल डोकवायला लागलं की तयार.

तपासा: उलथणं भांड्याच्या मधोमध ओढा. मागे राहिलेली रेघ क्षणभर तशीच दिसली तर टोमॅटो पुरेसा आटला. लगेच भरून आली तर अजून दोन मिनिटं.

टप्पा ६: पास्ता

पास्ता धुवायचा नाही, भिजवायचा नाही, तेलात परतायचाही नाही. भांड्यात ६५० मिलिलिटर गरम सालींचं पाणी ओता, खळखळून उकळी येऊ द्या आणि मग पास्ता टाका. घड्याळ इथून सुरू. उरलेलं पाणी शेजारी गरमच राहू दे.

पहिली दोन मिनिटं भांड्यापासून हलू नका. याच वेळात पास्त्याच्या पृष्ठभागावरचं पीठ चिकट होतं आणि नळ्या एकमेकींना नाहीतर तळाला धरतात. सपाट लाकडी उलथण्याने तळापासून ढवळत राहा. त्यानंतर आच मध्यम करा, झाकण अर्धं ठेवा आणि दर मिनिटा-दीड मिनिटाला एकदा तळ खरवडून घ्या. झाकण पूर्ण लावलं तर फेस उतू जातो. उघडंच ठेवलं तर पाणी उडतं आणि पास्ता कच्चा राहतो.

पुडक्यावर ११ मिनिटं लिहिलेलं असेल तर इथे १२ ते १४ धरा. ती वेळ भरपूर खळखळत्या पाण्यासाठी लिहिलेली असते. आपलं पाणी थोडं आहे, त्यात टोमॅटोचा आंबटपणा आहे. पाचगणी-महाबळेश्वरला राहत असाल तर आणखी एक-दोन मिनिटं जास्त. तिथे समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे खळखळ तीच दिसली तरी पास्ता हळू शिजतो.

म्हणून घड्याळावर पूर्ण भिस्त ठेवू नका. आठव्या मिनिटाला एक नळी काढा आणि सुरीने आडवी कापा. कडेला पिवळसर मऊ कडं आणि आत भिंतीच्या मधोमध एक पांढरी, पिठूळ रेघ दिसेल. ती रेघ अजून रुंद असेल तर थांबा. दोऱ्याएवढी बारीक झाली की पास्त्याला साधारण चार-पाच मिनिटं उरली आहेत. मासळीची वेळ झाली.

तपासा: या क्षणी भांड्यात पास्त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत रस हवा. त्याहून कमी असेल तर अर्धी वाटी गरम पाणी घाला आणि उकळी परत येऊ द्या. चव घ्या, मीठ थोडं कमीच लागायला हवं. मासळीला लावलेलं मीठ अजून यायचं आहे.

टप्पा ७: मासळी, ओळीने

आधी सुरमई. तुकडे पास्त्यावर पसरून ठेवा, उलथण्याच्या कडेने हलकेच रसात दाबा, झाकण ठेवा, आच मध्यम. आता ढवळणं बंद. भांड्याचे कान सांडशीने धरून भांडंच गोल हलवा. सुरमई फुटते ती शिजल्यामुळे नव्हे, हाताच्या सवयीने फुटते.

दोन मिनिटांनी कोळंबी, एका थरात. रस तिच्यावर चमच्याने ओता. आणखी दीड मिनिटाने तिला हलकेच पलटा. कोळंबीचा करडा, अर्धपारदर्शक रंग जाऊन ती आतपर्यंत पांढरी-गुलाबी झाली पाहिजे. सगळ्यात जाड कोळंबीची पाठीवरची चीर उघडून बघा. आत काचेसारखा भाग दिसला तर अजून अर्धं मिनिट. आकारही सांगतो: सैल वळलेली, अर्धचंद्रासारखी असेल तर बरोबर. शेपूट डोक्याच्या टोकाला भिडून पूर्ण गोल झाली तर जास्त शिजली.

माकुल शेवटच्या मिनिटाला. रिंगा पांढऱ्या झाल्या की झालं. माकुल एक तर मिनिट-दीड मिनिटात मऊ असतं, नाहीतर थेट अर्धा-पाऊण तास शिजवून मऊ होतं. मधल्या वेळेत ते चघळत बसावं लागतं.

काही जण कोळंबी सुरुवातीला तेलात परतून बाजूला काढतात आणि शेवटी घालतात. चांगली पद्धत आहे, परतल्याची चव येते. पण तेव्हा तिला शेवटी अर्धं-पाऊण मिनिटच द्यायचं, गरम होण्यापुरतं. आधी पूर्ण परतून वर परत तीन मिनिटं शिजवणं हीच चिवट कोळंबीची सगळ्यात मोठी खाण आहे.

सावध: कोळंबी, माकुल, तिसऱ्या यांची ॲलर्जी कोणाला असेल तर या भांड्यातलं काहीच देऊ नका. मासळी बाजूला सारून पास्ता वाढणं पुरेसं नाही, सालींचं पाणी सगळ्यात मुरलेलं असतं. घरात कोणी फक्त मासळी खात नसेल, ॲलर्जी नसेल, तर टप्पा ४ वगळून साधं पाणी वापरा आणि मासळी घालण्याआधी त्यांच्या वाटणीचा पास्ता रसासकट दुसऱ्या भांड्यात काढून तिथे शिजवून संपवा. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांच्या घरात मात्र वेगळं भांडंच बरं.

टप्पा ८: गॅस बंद केल्यावर

पास्ता चावताना मध्ये किंचित तग धरतोय असं वाटतं तेव्हाच गॅस बंद करा. रस या वेळी थोडा जास्त पातळ दिसला पाहिजे, पातळ पिठल्याइतका. बहुतेक जण इथे घाबरून आणखी आटवतात. पुढच्या दोन मिनिटांत पास्ता स्वतःच तो शोषून घेतो.

लोणी घाला, कोथिंबीर, भरड मिरपूड, आणि लिंबाचा रस चमचाभर. झाकण ठेवून दोन मिनिटं थांबा. मग दोन मोठ्या चमच्यांनी खालून वर असं तीन-चारदा हलकेच उचला. सुटलेलं पीठ, तेल आणि रस एकजीव होऊन पास्त्याला चकचकीत लेप बसतो. मलईची गरज पडत नाही.

हिरव्या पाल्यात बदल हवा असेल तर तुळस नको, तिचा उग्रपणा औषधी लागतो. कुंडीत सब्जा असेल तर त्याची चार-पाच कोवळी पानं हाताने तोडून घाला. सब्जा म्हणजे बेसिलच आहे. चीजबद्दल माझं मत ठाम आहे: नको. इटलीतही मासळीच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत. आपल्याकडचं चौकोनी चीज तर खारट असतं, ते घातलं की कोळंबीसाठी केलेली सगळी मेहनत मिठाखाली जाते.

ताटं आधी मांडून ठेवा आणि लगेच वाढा. पास्ता पाहुण्यांसाठी थांबत नाही, पाहुण्यांनी पास्त्यासाठी थांबावं. पंधरा मिनिटं भांड्यात राहिला की रस संपतो, आणि आतल्या आत कोळंबी शिजतच राहते.

मध्येच बिघडलं तर

*पास्ता झाला, पण रस खूप आहे.* मासळी झाऱ्याने ताटात काढा, मग आच मोठी करून मिनिट-दोन मिनिटं आटवा, मासळी परत घाला. मासळीसकट आटवू नका.

*पाणी संपलं, पास्ता कच्चा.* अर्धी-अर्धी वाटी गरम पाणी, प्रत्येक वेळी उकळी येऊ देऊन. मासळी आत गेलेली असेल तर आधी ती बाहेर काढा.

*तळाला लागलं.* खरवडू नका. वरचा पास्ता दुसऱ्या भांड्यात उलटा आणि तिथे पुढे चालू करा. करपलेला थर ढवळला की वास सगळीकडे जातो.

*खारट झालं.* बटाटा टाकल्याने मीठ जाणार नाही. बिनमिठाचा थोडा पास्ता वेगळा उकळून मिसळा, किंवा बिनमिठाचा टोमॅटोचा गर दोन मिनिटं परतून घाला.

जास्त माणसांसाठी

पास्ता दुप्पट केला म्हणून पाणी सरळ दुप्पट करू नका. भांड्याचं तोंड तेवढंच असतं, त्यामुळे पाणी उडायचं प्रमाण दुप्पट होत नाही. ५०० ग्रॅमला १२०० मिलिलिटरने सुरुवात करा आणि बाकीचं लागेल तसं घाला. एकदम किलोभर गार मासळी आत गेली की उकळी थांबते, कोळंबी कोमट रसात पाणी सोडत बसते. म्हणून मासळी घालण्याच्या दहा मिनिटं आधी फ्रिजमधून काढा आणि तेव्हा आच मोठी ठेवा. आठ-दहा माणसं असतील तर सरळ दोन भांड्यांत करा.

जून-जुलैमध्ये

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताजी सुरमई म्हणून समोर येते ती बहुधा गोठवून ठेवलेली. तळ्यात वाढवलेली व्हेनामी कोळंबी मात्र मिळते, तीच घ्या आणि सगळा पास्ता कोळंबीचाच करा.

दुसरी वाट आठवडी बाजारातल्या सोड्यांची, म्हणजे सोलून सुकवलेल्या कोळंबीची. सोडे पन्नास ग्रॅम, कोरडेच मंद आचेवर दोन मिनिटं भाजून, गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, दोनदा धुवून घ्या. इथे क्रम उलटा होतो. सोड्यांना शिजायला वेळ हवा, म्हणून ते टोमॅटोसोबतच पाचव्या टप्प्यात घालायचे. ते खारवलेले असतील तर वेगळं मीठ शेवटी चाखूनच.

उरलं तर

तासाभराच्या आत उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना आधी कोळंबी आणि सुरमई वेचून बाजूला काढा. पास्त्यात पाव वाटी पाणी घालून झाकण ठेवून वाफ येईपर्यंत गरम करा, मग मासळी घालून तीही आतपर्यंत वाफाळेल एवढाच वेळ ठेवा. एकदा गरम केलेला पास्ता परत फ्रिजमध्ये ठेवायचा नाही.